पट्टीखालचं नाव

ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक बुटकं दार आहे, त्यातून आत गेलं की दुरुस्तीची खोली. दोन लांब टेबलं, एक भिंग, सरस पातळ ठेवायची विजेची शेगडी आणि एक उंच खिडकी, बस्स. तिथे बसणाऱ्या बाईंना अख्खी इमारत चिमटाबाई म्हणायची, कारण चिमटा त्यांच्या हातात नसला तर केसांत खोचलेला असायचा. फाटलेले, कुरतडलेले, भिजून एकमेकांना चिकटलेले कागद त्या एकतीस वर्षं नीट करत आल्या होत्या, आणि या एकतीस वर्षांत एक गोष्ट त्यांनी नवऱ्याखेरीज कुणालाही कळू दिली नव्हती.

ती गोष्ट म्हणजे थुंकी. नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या. कागदावर कागद पिठाच्या खळीने चिकटवलेला असला आणि खालची शाई न फुटू देता वरचा सोडवायचा असला, की पाणी कामाचं नाही. पाणी कागदात धावत सुटतं आणि शाईला बरोबर घेऊन जातं. बाई काय करायच्या, तर काडीला कापूस गुंडाळून ती तोंडात धरायच्या, जिभेवर घोळवायच्या आणि ओली झालेली काडी पट्टीच्या कडेने हलक्या हाताने फिरवायच्या. लाळ दाट असते, लावली तिथेच राहते. दहा-पंधरा मिनिटांत खळ सैल पडायची आणि कागद आपणहून उचलला जायचा. हे त्यांना त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या कारागिराने शिकवलं होतं. त्याने एवढंच बजावलं होतं, की आधी कशाने चिकटलंय ते बघ. आयोडीनचा थेंब दाखव. काळं-निळं झालं तर खळ, थुंकी चालेल. नाही झालं तर जनावराच्या कातडीचा सरस, तिथे जन्मभर थुंकलीस तरी हलणार नाही.

असं का, ते मात्र कारागिराला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं नवऱ्याने. नवरा शाळेत जीवशास्त्र शिकवायचा, त्यामुळे गावभर मास्तर आणि घरातही मास्तरच. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने बायकोच्या हातात पावाचा तुकडा दिला आणि म्हणाला, "चाव. गिळू नकोस. चाळीसपर्यंत मोज." पस्तिसाव्या चावण्याला पाव गोड लागायला लागला. "बघ! पिठातला स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. अख्खी माळ जिभेला गोड लागत नाही, पण चिकटते मात्र घट्ट. लाळेत एक विकर असतं, ते ती माळ तोडतं. तुकडे झाले की चिकटपणा गेला आणि गोडी आली. सरस म्हणजे प्रथिन, ती माळच वेगळी, मणीच वेगळे, तिथे या विकराची डाळ शिजत नाही." लोक नव्या नवरीला फिरायला नेतात, यांनी मला पाव चघळायला लावला, असं बाई मग सगळ्यांना सांगायच्या. सांगताना हसायच्या, हे महत्त्वाचं.

गेल्या वर्षी बाईंच्या जबड्याखाली गाठ निघाली. सात आठवडे किरणं घ्यावी लागली. गाठ गेली, जीव वाचला, पण लाळेच्या ग्रंथी होरपळल्या. "थोडीफार परत येईल कदाचित," डॉक्टर म्हणाले होते, "कदाचित नाहीही येणार." तेव्हापासून बाईंच्या हाताशी चोवीस तास पाण्याची बाटली. बोलायचं तर आधी घोट, गिळायचं तर आधी घोट. आणि मास्तरांचा नवा नेम सुरू झाला. रोज संध्याकाळच्या जेवणाला ते पावाचा एक तुकडा बाईंच्या पुढे करायचे. "बघ ना. आज लागतंय का गोड?"

"नाही लागत. आणि मी तुमची परीक्षानळी नाही," बाई म्हणायच्या. अलीकडे त्या हे हसून म्हणत नव्हत्या.

आठ महिन्यांनी बाई कामावर परतल्या त्याच आठवड्यात ती नोंदवही आली. एका जुन्या प्रसूतिगृहाची, जाड, कडा करपलेली. तिच्यामागोमाग एक म्हातारी आली, एक्याऐंशी वर्षांची, हातात कापडी पिशवी, पाठ ताठ. नवे साहेब तिला घेऊन खाली आले. साहेब तरुण होते, दोन महिन्यांपूर्वीच बदलून आले होते, आणि प्रत्येक वाक्य नियमाच्या पुस्तकातून काढल्यासारखं बोलायचे.

नोंदवहीच्या एका पानावर 'आईचे नाव' या रकान्यात एक अरुंद पट्टी चिकटवलेली होती. पट्टीवर एक नाव होतं. "ही माझी आई," म्हातारी म्हणाली. "हिने मला दत्तक घेतलं. तळहाताच्या फोडासारखं जपलं. ही गेली तेव्हा मी साठ वर्षांची होते आणि लहान पोरीसारखी रडले. पण हिच्याखाली कुणीतरी आहे ना? मला जन्म देणारी. तिचं नाव मला एकदा तोंडाने उच्चारायचंय. बाकी काही नको." शुक्रवारी दुपारच्या गाडीने ती परत जाणार होती.

"नाही जमलं तर स्पष्ट सांगा, बाई," साहेब म्हणाले. "मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू. तिथे विकराची पूड मागवतात. वर्षभर लागेल, पण काम पद्धतशीर होईल. तुमची तब्येतही आता... म्हणजे वर शिक्के मारायच्या खिडकीवर जागा आहे, तिथे आराम पडेल."

वर्षभर! म्हातारीने साहेबांकडे असं पाहिलं, की ते गडबडून खिडकीकडे बघायला लागले. "जमेल," बाई म्हणाल्या, आणि पाण्याचा घोट घेतला.

ते दोघं गेल्यावर बाईंनी पट्टीच्या कोपऱ्यातली खळीची कणी सुईच्या टोकावर काढून तिला आयोडीन दाखवलं. काळी-निळी झाली. स्टार्चच. मग पट्टीबाहेर डोकावणाऱ्या खालच्या शाईच्या एका टिपक्याला ओल्या ब्रशचं नुसतं टोक लावलं, तर टिपका लगेच पसरला. म्हणजे पाणी नाही, वाफ नाही. बाईंनी दार लावून घेतलं, काडीला कापूस गुंडाळला आणि काडी तोंडात धरली. कापूस जिभेला चिकटला. बाहेर काढला तर जसा गेला होता तसाच, कोरडा ठणठणीत. लिंबाची फोड आठवून पाहिली, डोळे मिटून पाहिले, जबडा चोळून पाहिला. शेवटी त्या खुर्चीत टेकल्या आणि हातातल्या काडीकडे बघत बसल्या. हात तेच होते, नजर तीच होती, आणि घोडं अडलं होतं ते थुंकीपाशी.

मागायचं कुणाकडे? एकच माणूस होता. पण एकतीस वर्षं त्या टेबलावर बाईंनी कुणाची मदत घेतली नव्हती, आणि आजारपणापासून घरात तर सगळंच मास्तर करत होते. स्वयंपाक ते करायचे, गोळ्या ते मोजायचे, रात्री उशाला पाणी ते भरून ठेवायचे. आपलं असं हे एकच टेबल उरलं होतं. मंगळवारी दिवसभर बाई मूग गिळून बसल्या. बुधवारी सकाळी, चहा उकळत असताना, त्या मास्तरांना म्हणाल्या, "चहा घेऊ नका इतक्यात. चूळ भरा आणि या बरणीत थुंका."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी," ते म्हणाले आणि खुशीत बरणी घेऊन बेसिनपाशी गेले. माणूस इतका खूश झाला होता, की बाईंना त्याचाच राग आला.

बरणी रुमालात गुंडाळून बाई खोलीत आल्या. साहेब जिन्यातच भेटले. "काय आहे?" "औषध," बाई म्हणाल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही पाळी! आत येऊन हात लावला तर बरणी गारढोण. तोंडातली लाळ कोमट असते, एवढं बाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बरणी सरसाच्या शेगडीवरच्या पाण्यात ठेवली, जरा ऊब लागावी म्हणून. तेवढ्यात साहेबांनी वर बोलावलं, कुठल्याशा अर्जावर सही राहिली होती. सहीबरोबर नियमावलीतली चार कलमंही ऐकावी लागली. अर्ध्या तासाने बाई खाली आल्या तर शेगडीवरचं पाणी बुडबुडत होतं. त्यांनी बरणी उचलली, निवू दिली आणि कामाला लागल्या.

पाच मिनिटं, दहा मिनिटं, तास. पट्टी हलेना. बाईंनी चिमट्याने कोपरा जरासा उचलून पाहिला, तर खळ सुटण्याऐवजी कागदाचेच तंतू उपटून आले. चिमूटभर जागा, पण बाईंच्या हातून एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तोच मास्तरांनी विचारलं, "सुटली?"

"कशाची सुटते! तुमच्या थुंकीत काही दम नाही. सगळा बोलण्यातच संपलाय."

मास्तर एरवी अशा बोलण्याला चार उत्तरं देतात. आज हातातला चमचा त्यांनी हळूच ओट्यावर ठेवला. बाईंना वाटलं, जीभ आवरायला हवी होती. पण एकदा सुटलेलं बोलणं कुठल्या चिमट्याने परत उचलणार.

मग मास्तरांनी विचारलं, "गरम केली होतीस?"

"कोमट."

"किती कोमट?"

"शेगडीवरच्या पाण्यात ठेवली होती. जरा जास्त झाली असेल. निवू दिली की नंतर!"

मास्तर उठले. कढई तापत ठेवून त्यांनी तिच्यात एक अंडं फोडलं. आरपार दिसणारा बलकाभोवतीचा भाग बघता बघता पांढरा झाला. कढई उतरवून त्यांनी खिडकीत ठेवली. "निवू दे," ते म्हणाले. "निवल्यावर पुन्हा पातळ होतं का, ते सांग."

"अंड्याचा इथे काय संबंध?"

"अगं, विकर म्हणजे प्रथिनच. तीही मण्यांची माळ, पण नुसती लोंबत नसते, एका ठराविक घडीत दुमडलेली असते. त्या घडीच्या बेचक्यात स्टार्च बसतो आणि तुटतो. फार तापवलं की घडी मोडते. मणी सगळे तेच, एकही कमी नाही, पण बेचकं गेलं. मग थंड कर, नाहीतर त्याची समजूत घाल, ते काही पुन्हा घडी घालून बसत नाही."

बोलण्यावर विश्वास ठेवायचा तर ते मास्तर कसले. त्यांनी चमचाभर पीठ पाण्यात उकळून गार केलं आणि तीन वाट्यांत ओतलं. औषधांच्या डब्यातून टिंक्चर आयोडीन काढून प्रत्येकीत एक थेंब टाकला. तिन्ही वाट्या शाईसारख्या झाल्या. पहिली तशीच ठेवली. दुसरीत ते स्वतः थुंकले. तिसरीत बाईंनी परत आणलेल्या बरणीतलं उरलंसुरलं ओतलं. मग दोघं ओट्याला टेकून उभे राहिले. बाईंना हसूही येत होतं आणि रडूही, साठीला आलेली दोन माणसं थुंकीच्या वाटीकडे डोळ्यांत तेल घालून बघत उभी होती. हळूहळू मधली वाटी फिकट झाली. निळी गेली, तपकिरी झाली, मग नुसती पिवळट. पहिली आणि तिसरी काळ्याच्या काळ्या.

"म्हणजे मी ती शिजवली," बाई म्हणाल्या.

"शिजवलीस."

"आणि वर तुम्हालाच बोलले."

"तेही केलंस."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. दुसरा घोट घेतला. "मला माझी हवी होती हो," त्या म्हणाल्या. "घरात सगळं तुमच्या हातचं. निदान तिथे तरी माझ्या अंगातलं काहीतरी चालावं असं वाटत होतं. शिक्के मारायच्या खिडकीवर बसवतील मला."

मास्तरांनी वाट्या विसळायला घेतल्या. "हात तुझेच लागणार आहेत," ते म्हणाले. "माझ्या हातात तो चिमटा दिलास तर त्या म्हातारीच्या आईबरोबर आणखी दहाजणींची नावं पुसून टाकीन. मी नुसती दौत."

गुरुवारी सकाळी मास्तर बिनचहाचे बाईंबरोबर निघाले. बरणी नको, ताजीच हवी, असं ठरलं होतं. आता ताजी हवी म्हणजे माणूसच खोलीत हवा, आणि बाहेरचा माणूस खोलीत आणायचा म्हणजे साहेबांची परवानगी हवी. बाई जिना चढून वर गेल्या आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं. काडी, जीभ, एकतीस वर्षं, किरणं, बरणी, फाटलेला कोपराही.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. भिंतीवर बाईंनी दुरुस्त केलेले दोन जुने नकाशे लावलेले होते. "हे... हेसुद्धा थुंकीने?" त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवलं.

"तो नाही. तो सरसाने चिकटलेला होता, थुंकी त्याला काही करत नाही. त्याच्या शेजारचा."

साहेबांनी शेजारच्या नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. गेल्याच आठवड्यात त्यांनी तो कौतुकाने पाहुण्यांना दाखवला होता. बाईंना वाटलं, आटोपलं आता, आजपासून खिडकी आणि शिक्के. साहेब उठले. "मी समोर उभा राहीन," ते म्हणाले. "आणि आज नाही सुटली तर वही प्रयोगशाळेत जाईल आणि तुम्ही वर याल."

तर अशी ती बैठक बसली. खिडकीखाली बाई, त्यांच्या उजव्या हाताला मास्तर, समोर ताठ पाठीची म्हातारी, आणि दाराशी हाताची घडी घातलेले साहेब. मास्तर काडी तोंडात धरायचे, घोळवायचे, बाईंच्या हातात द्यायचे आणि दुसरी धरायचे. बाई काडी पट्टीच्या कडेने फिरवायच्या, वापरलेली टाकायच्या आणि न बघता हात पुढे करायच्या. तोंडात सतत काडी असल्यामुळे मास्तरांना बोलता येईना. म्हातारीला विकराबद्दल सांगण्यासारखं किती होतं त्यांच्यापाशी! दोनदा त्यांनी हातवारे करून पाहिले, तर बाईंनी डोळे वटारले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि हा माणूस पहिल्यांदाच सलग दोन तास गप्प बसला.

पाऊण तासाने एक कड सैल पडली. बाईंनी चिमटा लावला नाही, आणखी चार काड्या फिरवल्या. मग चिमट्याचं टोक अलगद आत सरकवलं. पट्टी लोण्यातून निघावी तशी बोटभर उचलली गेली आणि खाली जांभळ्या शाईचं एक अक्षर दिसलं. दाराशी उभे असलेले साहेब कधी टेबलापाशी आले ते कुणालाच कळलं नाही. सव्वाबाराला पट्टी पूर्ण सुटली. बाईंनी ती जशीच्या तशी, अख्खी, टिपकागदावर ठेवली, कारण तीही कुणाची तरी आई होती.

"मला दिसत नाही एवढं बारीक," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच डगमगला. "तुम्ही वाचा."

बाईंनी वाचायला तोंड उघडलं, पण घसा पार सुकला होता. मास्तरांनी बाटली पुढे केली. बाईंनी घोट घेतला आणि नाव वाचलं.

म्हातारीने ते एकदा उच्चारलं. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने, हाक मारावी तसं. ते नाव काय होतं ते इथे सांगण्याचं कारण नाही. एक्याऐंशी वर्षं थांबून ज्याचं त्याला मिळालं. तिने डोळे पुसले, पट्टीवरच्या नावावरून हात फिरवायला गेली आणि आपलं आपणच थांबवून हात मागे घेतला. "कशाने सुटलं हो?" तिने विचारलं.

"यांच्या थुंकीने," बाई म्हणाल्या.

म्हातारी हसली. "खरचटलं की माझी आई मला थुंकी लावायची," ती म्हणाली, आणि पट्टीकडे बोट दाखवलं. "ही."

ती गेल्यावर बाईंनी कामाचा अहवाल लिहायला घेतला. 'वापरलेला पदार्थ' या रकान्यात त्या एकतीस वर्षं 'सौम्य द्रावण' असं लिहीत आल्या होत्या. आज त्यांनी लिहिलं, 'लाळ, ताजी.' पुढचा रकाना होता 'कोठून मिळाला'. तिथे नेहमी 'विभागातून' असायचं. पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'नवऱ्याकडून.' साहेबांनी ते वाचलं आणि सही केली.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मास्तरांनी पावाचा तुकडा पुढे केला नाही. बाईंनी दोन मिनिटं वाट पाहिली, मग स्वतःच एक तुकडा तोडून तोंडात टाकला. पाणी न घेता चावायला वेळ लागला. मास्तर जेवायचे थांबले, पण विचारलं काही नाही. बाईंनी चाळीसपर्यंत मोजलं, आणखी दहा मोजले.

"नाही," त्या म्हणाल्या. "गोड नाही लागत. आता लागेल असं वाटतही नाही मला."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी घोट घेऊन तो तुकडा गिळला. "त्या वहीत अशा आणखी सहा पट्ट्या आहेत. साहेबांनी आज सगळी पानं उलटून पाहिली. सहाही सोडवायच्या म्हणतात, कोण कधी विचारत येईल सांगता येत नाही."

"मग?"

"मग काय," बाई म्हणाल्या आणि आपल्या हाताने त्यांच्या ताटात वाढलं. "उद्या सकाळी चहा घेऊ नका."